भरकटू पाहणारे तरुण आणि नागरिकत्वाचे शिक्षण

वस्तीत रात्रशाळा चालवणारे शिक्षक, निरीक्षणगृहातील व बालगृहातील अधीक्षक आणि परिवीक्षा अधिकारी, युवक मंडळांचे कार्यकर्ते, आणि ज्यांच्या घरातील सोळा-सतरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून नाक्यावर उभा राहू लागला आहे असे आईबाप, या सर्वांना एक प्रश्न वारंवार पडतो. ज्या मुलाला घरच्यांचे, गुरुजींचे आणि पोलिसांचेही बोलणे कानाआड करण्याची सवय जडली आहे, तोच मुलगा एखाद्या ‘भाऊं’च्या एका निरोपावर मध्यरात्री मोटारसायकल काढून निघतो, भर उन्हात झेंडा धरून तासन्‌तास उभा राहतो आणि प्रसंगी हातात दगडही घेतो, हे कसे घडते? संगत वाईट, वय अडनिडे, मोबाइलने डोके फिरवले, ही उत्तरे सर्वांच्या तोंडी असतात. त्यांत तथ्यांश असला तरी त्यांवरून कामाची दिशा काही ठरत नाही. राज्यशास्त्रात नागरिकत्वाचा विचार आणि प्रचाराचा विचार अशा दोन शाखा स्वतंत्रपणे वाढल्या आहेत. त्या दोन्ही एकत्र आणून या मुलांच्या संदर्भात वापरल्या, तर रोजच्या कामाला उपयोगी पडेल असे पुष्कळ हाती लागते, आणि ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ एका फ्रेंच विद्वानापासून करणे सोयीचे होईल. जॅक एल्यूल हे बोर्दो येथील विद्यापीठात अध्यापन करीत आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रचारविषयक ग्रंथामुळे त्यांचे नाव जगभर झाले. परंतु याच एल्यूलांनी बोर्दोलगतच्या पेसाक या गावी ईव्ह शारिये नावाच्या कार्यकर्त्याच्या साहाय्याने काळी चामडी जाकिटे घालून टोळ्याटोळ्यांनी हिंडणाऱ्या मुलांसाठी एक मंडळ कित्येक वर्षे चालवले, आणि त्या अनुभवावर दोघांनी मिळून १९७१ साली पुस्तकही लिहिले, ही गोष्ट त्या मानाने फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. प्रचाराचा मर्मज्ञ आणि बिथरलेल्या मुलांचा मित्र या दोन भूमिका एकाच माणसाने निभावल्या, हा माझ्या मते योगायोग नव्हे. या मुलांना प्रचलित समाजाच्या साच्यात बसवून मोकळे व्हावे हे त्या मंडळाचे उद्दिष्ट नव्हते. मुलाच्या ठिकाणी असलेले बंड कायम ठेवून, ते स्वतःचा आणि इतरांचा नाश न करता त्याला कसे पेलता येईल याकडे त्यांचे लक्ष होते. कारण मुलाला नुसते आज्ञाधारक करून सोडले, तर उद्या दुसरा कोणी अधिक मोठ्या आवाजात आज्ञा करील तेव्हा तो तिकडेही तितक्याच सहजपणे जाईल, हे प्रचारशास्त्राच्या अभ्यासातून एल्यूलांना पक्के ठाऊक होते.

प्रचाराविषयी त्यांची दोन विधाने आपल्या कामाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहेत. एक असे की, प्रचार हा भोळ्या माणसावर बाहेरून लादला जात नाही. ज्याला त्याची गरज असते तोच त्याला बळी पडतो, आणि एकाकीपणा, नगण्यपणाची जाणीव, भोवतालच्या घडामोडींचा अर्थ न लागणे ही ती गरज होय. दुसरे असे की, आधुनिक प्रचाराचे लक्ष्य माणसाचे मत बदलणे हे नसून त्याच्याकडून कृती करवून घेणे हे असते. मत मागाहून आपोआप जुळते.

यातील पहिले विधान पडताळून पाहायचे असेल, तर कोणत्याही शहरातील वाढदिवसाच्या फलकापुढे पाच मिनिटे उभे राहावे. वरच्या बाजूला शिवछत्रपतींची किंवा अन्य थोर पुरुषांची चित्रे, त्याखाली पक्षाच्या वरिष्ठांचे चेहरे, मधोमध ज्यांचा वाढदिवस त्या भाऊंची पुरुषभर उंचीची छबी, आणि अगदी तळाशी, ‘शुभेच्छुक’ या शब्दाखाली, टपाल तिकिटाएवढ्या छायाचित्रांची रांग. आपल्या वर्गातून दोन वर्षांपूर्वी गळालेला मुलगा तुम्हाला त्या रांगेत सापडेल. केस विंचरून, उसना गॉगल लावून काढलेले ते छायाचित्र त्याच्या आयुष्यात सार्वजनिक ठिकाणी लागलेले पहिलेच असते. शाळेच्या फलकावर त्याचे नाव कधी लागले नाही, वर्तमानपत्रात लागले तर ते भलत्याच कारणाने लागण्याची भीती. येथे मात्र तो चौकातल्या चारचौघांत आहे, त्याची आई बाजारातून येता-जाता तो फलक पाहते, आणि त्यासाठी त्याने दिलेली शे-दोनशे रुपयांची वर्गणी त्याला मुळीच जड वाटत नाही. या मुलाला ‘तू फसवला जात आहेस’ असे सांगणाऱ्याने, फलकाने त्याला जे दिले त्याच्या तोडीचे आपल्याजवळ द्यायला काय आहे, याचा विचार आधी केला पाहिजे.

नागरिकत्वाचा विचार उपयोगी पडतो तो येथे. नागरिक कोण, या प्रश्नाला ॲरिस्टॉटलने दिलेले उत्तर असे की, ज्याचा निवाड्यात आणि राज्यकारभारात वाटा असतो तो. पुढे १९४९ साली केंब्रिज येथे दिलेल्या व्याख्यानांत टी. एच. मार्शल या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने नागरी, राजकीय आणि सामाजिक अशा तीन हक्कांच्या थरांनी नागरिकत्व घडते, अशी मांडणी केली. इंग्लंडात ते थर ढोबळमानाने अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत एकावर एक रचले गेले. याच मांडणीत मार्शलने जुन्या गरीब-कायद्याचा जो दाखला दिला आहे तो मी प्रत्येक कार्यकर्त्याला वाचावयास सांगतो. त्या कायद्याखाली अन्नवस्त्राची मदत घेणाऱ्या दरिद्री माणसाला मदतीच्या मोबदल्यात आपला मताधिकार गमवावा लागे, आणि ही तरतूद १९१८ सालापर्यंत टिकून होती. म्हणजे पोट भरायचे असेल तर आवाज गहाण टाकावा लागत असे. आपल्या वस्तीत असा कायदा नाही. व्यवहार मात्र पुष्कळदा तोच आहे. आजीला रुग्णालयात खाट मिळवून देणे, धाकट्या बहिणीची फी भरणे, पोलीस चौकीतून सोडवून आणणे, ही कामे भाऊंनी खरोखरच केलेली असतात, आणि हक्काने मिळायची गोष्ट मेहेरबानी म्हणून मिळाल्यामुळे तिची परतफेड मुलाला आपल्या स्वतंत्र मताने करावी लागते.

म्हणून पहिली सूचना अशी की, भाऊंची निंदा करू नये. तुम्ही ज्याला दलाल म्हणता त्याने त्याच्या घरावर केलेला उपकार मुलगा विसरलेला नसतो आणि त्याने तो विसरावा अशी अपेक्षा करणेही माणुसकीला धरून नाही. त्याच्याशी बोलायचे ते इतकेच की, हे काम भाऊंशिवाय झाले असते काय, कोणत्या दफ्तरात झाले असते, आणि तेथे जाण्याचा तुझा हक्क कोणी लिहून ठेवला आहे. हे बोलणे कृतीवाचून पोकळ राहते. म्हणून पाच-सात मुलांच्या गटाने वस्तीतली एखादी लहानशी, डोळ्यांना दिसणारी अडचण स्वतः निवडावी. बंद पडलेला दिवा, तुंबलेले गटार, शौचालयाचे मोडलेले दार, काहीही चालेल. मात्र निवड त्यांची असावी, तुमची नव्हे. अर्जाचा मसुदा त्यांनीच लिहावा. पहिल्या मसुद्यात विनवण्या फार असतात, दुसऱ्यात धमक्या, आणि तिसऱ्या खेपेस बहुधा दिव्याच्या खांबाचा क्रमांक, बंद पडल्याची तारीख व मागणी, एवढेच नेमके उरते. हे तीन मसुदे म्हणजे नागरिकशास्त्राचा एक संपूर्ण पाठ आहे असे मी समजतो. मग सर्वांनी मिळून प्रभाग कार्यालयात जावे, आवक नोंदवहीत नोंद करून घ्यावी आणि प्रतीवर शिक्का, तारीख व सही यांसह पोच घ्यावी. तुम्ही बरोबर जावे, पण मागे उभे राहावे. खिडकीतला कारकून मुलांकडे दुर्लक्ष करून तुमच्याशीच बोलू लागेल. त्या वेळी उत्तर न देता मुलाकडे पाहावे.

काम झाले नाही तर काय, ही शंका रास्त आहे, कारण पुष्कळदा ते होत नाही. अशा वेळी माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा हाताशी असतो. तो हक्क त्याने नागरिकाला दिलेला असून वयाची अट घातलेली नाही. दहा रुपयांच्या शुल्कात ‘आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढा प्रश्न विचारता येतो, आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते. जन्माचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा दाखला अडला असेल, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने मुदत आणि अपिलाच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. अपयश आले तर ते मुलांपासून लपवू नये आणि खोटा धीरही देऊ नये. कोणत्या टेबलावर कागद अडला हे शोधून काढणे हादेखील सत्तेचा कारभार समजून घेण्याचाच भाग आहे, आणि ज्याला कारभार समजू लागतो त्याला एका वाक्यात सर्व दुःखांचे कारण सांगणारा वक्ता पूर्वीइतका पटत नाही.

आता प्रचार ओळखण्याच्या शिक्षणाविषयी. न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने प्रचाराच्या सात क्लृप्त्या सांगितल्या होत्या, आणि शाळा-महाविद्यालयांतून त्या पुष्कळ वर्षे शिकवल्या गेल्या. शत्रूवर एक शिवीवजा शिक्का मारून विचार थांबवणे, कोणालाच नाकारता येणार नाहीत असे गोंडस शब्द उधळणे, थोर पुरुषांची पुण्याई आपल्याकडे वळवून घेणे, नामवंतांची ग्वाही काढणे, ‘मी तुमच्यातलाच’ म्हणून जवळीक साधणे, सोयीचे तेवढेच पुरावे मांडणे, आणि ‘सगळे निघाले, तूच मागे का’ असे म्हणून ओढून नेणे, अशा त्या क्लृप्त्या होत. सातही पाठ करून घेण्यात वेळ दवडू नये. दोन-तीन घ्याव्यात आणि मुलांच्या मोबाइलवर त्याच दिवशी आलेल्या संदेशांवर, चित्रफितींवर लावून पाहाव्यात. वर वर्णिलेला फलकही अभ्यासाला उत्तम आहे: वरची चित्रे तेथे कोणाच्या संमतीने लागली, मजकुरात वस्तीच्या पाण्याबद्दल एक अक्षर तरी आहे काय, छपाईचा खर्च कोणी केला, परवानगी क्रमांक छापलेला आहे काय, शुभेच्छुकांच्या रांगेत एकही मुलगी का नाही. हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सुचवतो. ज्या वस्तीतील निम्मी मुले घरकामात आणि धुण्याभांड्यांत अडकल्यामुळे कोणाच्याच फलकावर येत नाहीत, त्या मुलींना या बैठकीत जागा नसेल, तर आपल्या नागरिकत्वाच्या वर्गातही तीच रांग तयार झाली असे होईल.

यात एक पथ्य फार कडकपणे पाळले पाहिजे, आणि माझ्या समजुतीने आपल्या बहुतेक संस्था ते पाळत नाहीत. प्रचाराची चिकित्सा करण्याचा पहिला प्रयोग आपल्या स्वतःच्या साहित्यावर करावा. व्यसनमुक्तीची प्रभातफेरी, हात पुढे करून घेतलेली सामुदायिक शपथ, भिंतीवरील सुविचार, देणगीदारांना दाखवण्यासाठी काढलेली ‘पूर्वी आणि आता’ अशी छायाचित्रे, यांतही शिक्के आहेत, गोंडस शब्द आहेत आणि ‘सगळे निघाले’ हेही आहे. एल्यूलांनी चिथावणीच्या प्रचारापासून वेगळा असा एक सामावून घेणारा प्रचार सांगितला आहे. तो आरडाओरडा करीत नाही, तो माणसाला हळूहळू निमूट आणि एकसारखा करतो, आणि तो करणाऱ्यांना आपण प्रचार करीत आहोत याची पुष्कळदा जाणीवही नसते. मुलांनी आपल्या संस्थेच्या माहितीपत्रकातील अतिशयोक्ती तुमच्या समक्ष दाखवून दिली आणि तुम्ही ते वाक्य खोडले, तर व्याख्यानांच्या मालिकेने साधणार नाही ते एका बैठकीत साधेल. त्याचबरोबर, नुसत्या चिकित्सेवर विसंबूनही राहू नये. सुशिक्षित माणूस प्रचारापासून सुरक्षित असतो हा समज एल्यूलांनी खोडून काढला आहे. प्रत्येक विषयावर आपले मत असलेच पाहिजे आणि ते बनवण्यास आपण समर्थ आहोत, या विश्वासामुळे तोच अधिक सहज सापडतो, असे त्यांचे म्हणणे आहे. क्लृप्त्यांची नावे सांगता येणारा परंतु ज्याला कोठेच जागा नाही असा मुलगा, नावे न येणाऱ्या मुलाइतकाच रस्त्यावर आहे.

दुसरे विधान कृतीविषयीचे होते. ज्याने एकदा दगड फेकला त्याला आपण तो का फेकला याचे समर्थन हवे असते, आणि ते तयार समर्थन पुरवायला प्रचारक दारात उभाच असतो; म्हणून घटनेनंतरचे दोन-तीन आठवडे अत्यंत निर्णायक असतात. अशा मुलाला सर्वांसमोर कबुली द्यावयास लावू नये, त्याचे नाव वा छायाचित्र कोठेही देऊ नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे तसे करणे हा अपराधही आहे. त्याला एकट्याने गाठावे आणि प्रसंग आरंभापासून सांगू द्यावा: निरोप कोणाकडून आला, दगड चालू झाले तेव्हा निरोप देणारे कोठे होते, जामिनाची तजवीज कोणी केली, आणि ज्याच्या दुकानाची काच फुटली तो कोण. मुलगा बोलत असता आपण निष्कर्ष काढून देण्याचा मोह आवरावा. त्याला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी, कारण भीतीपोटी पुष्कळ मुले टोळीलाच चिकटून राहतात. आता पोलीस दफ्तरी नाव लागले, नोकरी मिळणार नाही, मग सुधारून उपयोग काय, अशी त्यांची समजूत असते. त्याच कायद्याच्या कलम २४ अन्वये, बाल न्याय मंडळाने ज्याच्या बाबतीत निर्णय दिला त्या बालकाला त्या अपराधामुळे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. सोळा वर्षांवरील ज्या मुलांचा खटला निर्घृण अपराधासाठी बाल न्यायालयाने प्रौढांप्रमाणे चालवला, त्यांचाच तेवढा अपवाद आहे. नव्याने आरंभ करण्याचे तत्त्व कायद्याच्या मूलतत्त्वांतच नमूद आहे. ही माहिती मुलाला आणि त्याच्या आईला लेखी द्यावी.

संस्थेत राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत नागरिकत्व शिकवण्याची जागा म्हणजे ती संस्थाच होय. वॉर्सामधील अनाथालयात यानुश कोर्चाक यांनी मुलांचे न्यायालय चालवले होते. त्या आठवड्यात ज्यांच्याविरुद्ध फिर्याद नाही अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात, संहितेतील बहुसंख्य कलमे क्षमेची होती, आणि मुलांना मोठ्यांविरुद्धही फिर्याद करता येई; खुद्द कोर्चाक त्या न्यायालयापुढे उभे राहिले आहेत. त्याच मुलांबरोबर १९४२ च्या ऑगस्टमध्ये ते त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेले. आपल्याकडे २०१६ च्या आदर्श नियमांनी प्रत्येक बालसंस्थेत ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा वयोगटांच्या बालसमित्या स्थापण्यास सांगितले आहे. अनेक ठिकाणी त्या समितीचे इतिवृत्त कार्यालयातच लिहिले जाते आणि मुलांच्या सह्या घेतल्या जातात. तसे असेल तर ते आजच थांबवावे. इतिवृत्त मुलांनी लिहावे, चुकीच्या शुद्धलेखनासह लिहावे, जेवणाविषयीची तक्रार त्यात नोंदली जावी, आणि अधीक्षकांनी पुढील बैठकीत तिला लेखी उत्तर द्यावे. उत्तर ‘नाही’ असे असले तरी चालेल, कारणे मात्र दिली पाहिजेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तरुणांना पुढारीपण दिले म्हणजे ते नागरिक झाले, असे समजण्याचे कारण नाही. नाझी जर्मनीने १ डिसेंबर १९३६ च्या कायद्याने अवघी तरुण पिढी हिटलर-युवक संघटनेखाली आणली, तेव्हा तरुणांचे नेतृत्व तरुणांनीच करावे हेच तिचे घोषित तत्त्व होते. पोरसवदा मुलांना तेथे गणवेश मिळाले, तुकड्यांचे अधिकार मिळाले, छावण्या आणि गाणी मिळाली; फक्त हुकमाचे कारण विचारण्याचा अधिकार मिळाला नाही. आपल्या मंडळाची, पथकाची, शिबिराची परीक्षा याच कसोटीने करावी. मुलांना कामात वाटा आहे, पण निर्णयातही आहे काय? ‘हे आपण का करायचे’ असे विचारणारा मुलगा तेथे टिकतो काय?

हा विचार परदेशी ग्रंथांतून उचलून येथे आणावा लागतो असे कोणी समजू नये. घटना समितीपुढील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी दोन इशारे दिले आहेत आणि दोन्ही आपल्या विषयाला थेट लागू पडतात. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीत फार काळ राहिल्यास विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, हा एक. आणि राजकारणातील भक्ती ही अधःपतनाची व शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, हा दुसरा. मार्शलने त्याच वर्षी इंग्लंडात जे सांगितले आणि पुढे एल्यूलांनी प्रचाराविषयी जे लिहिले, त्या दोहोंचा संबंध बाबासाहेबांनी एका भाषणात जोडून दाखवला होता. मोठ्या मुलांबरोबर हे भाषण अवश्य वाचावे, परंतु त्याची वाक्ये भिंतीवर रंगवू नयेत. वाचावे, अडावे, वाद घालावा. आपल्या वस्तीत ही विसंगती कोठे दिसते ते मुलांना सांगू द्यावे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जे गेले त्यांच्याजवळ मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केलेल्या ठरावाचा आधार होता, हेही त्यांना सांगावे. रागाने पेटलेल्या तरुणाला कागदावरच्या हक्काची थोरवी यासारख्या उदाहरणाने कळते, कारण त्यात राग सोडून द्यावा लागत नाही.

आता एक काम ताबडतोब हाती घेण्यासारखे आहे. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती १९८९ साली अमलात आली. वयाची अठरा वर्षे मोजण्यासाठी आता वर्षातून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना नमुना ६ चा अर्ज आगाऊ भरून ठेवता येतो. नाक्यावरच्या आणि बालगृहातल्या मुलांची नावे यादीत न येण्याचे कारण बहुधा कागदपत्रे नसणे हे असते, आणि ती कागदपत्रे जमवण्यासाठीही ती मुले अखेर भाऊंकडेच जातात. तेव्हा आपल्या गटातील ज्यांची सतरा वर्षे पूर्ण झाली आहेत अशांची यादी या आठवड्यातच करा, जन्माचा आणि रहिवासाचा पुरावा कोणाजवळ काय आहे ते त्यांच्यासमोर बसून तपासा, अर्ज त्यांच्याच हातांनी भरवून घ्या, आणि ते मत कोणाला देणार हा प्रश्न त्यांना कधीही विचारू नका.